मयताच्या दारात हिरवी बस

मॅलेकी टूहीच्या अंगावर काळं वास्कीट आणि डोक्यावर लोकरी टोपी चढली की समजावं, पुलापाशी सहलीची हिरवी बस येणार आहे. एरवी हा माणूस जांभळी ट्रॅकपँट घालून गावभर हिंडतो आणि दुकानातून कापलेल्या पावाचं पाकीट काखोटीला मारून घरी जातो. पण मे महिना लागला आणि बुधवारी बसची वेळ झाली, की तो एकदम पणजोबाच्या काळातला होतो. हातात काटेरी झाडाची काठी. ती एनिस शहरातल्या भेटवस्तूंच्या दुकानातली आहे. किमतीची चिठ्ठी निघेना, म्हणून त्यावर त्यानं सुतळी गुंडाळली आहे. बसच्या माणसांसमोर तो थोडा लंगडतोसुद्धा. पाय दोन्ही ठणठणीत आहेत. शेजारच्या हेहिरांच्या बैलानं मागे धाव घेतली तेव्हा त्यानं कुंपण कसं ओलांडलं, ते मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आहे.

आमचं किलमॉरन हे आयरिश खेडं म्हणजे एक रस्ता, एक चर्च, दोन पब आणि एक दुकान. समुद्राच्या कड्यांकडे जाणाऱ्या सहलीच्या बसेस पूर्वी आमच्याकडे ढुंकून न बघता निघून जायच्या. त्या थांबायला लागल्या त्या मॅलेकीमुळे, आणि हे कर्तृत्व तो दर रविवारी चर्चच्या फाटकात उभा राहून ऐकवतो. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, चालू असताना तो आत असतोच असं नाही, पण मिस्सा सुटताना फाटकात मात्र न चुकता असतो.

तरुणपणी तो समुद्रापलीकडे कॉव्हेंट्रीला कामाला गेला होता. सांगतो, पूल बांधले. होता गालिच्यांच्या गोदामात. माझे धाकटे दीर त्याच गोदामात होते, म्हणून मला ठाऊक. गालिचे उचलण्यापेक्षा त्यांच्यावर बसून बोलणं त्याला जास्त जमायचं. शेवटी मालकांनी हात जोडले आणि हा घरी परत आला, आईच्या जिवावर. आई ऑनोरा टूही, म्हणजे आमच्या पोस्टाच्या खिडकीमागची बाई. सरळ, कमी बोलणारी, तिकीट नीट चिकटवलं नाही तर परत देणारी. अशा बाईच्या पोटी हे असलं रत्न कसं आलं, हे मी देवाला पुष्कळदा विचारलं आहे.

बसमध्ये चढला की मॅलेकीच्या तोंडाला कुलूप नसतं. गावाबाहेर रस्त्याच्या वळणावर एक काटेरी झाड आहे. तो सांगतो, हे परीलोकाचं झाड, ते तोडू नये म्हणून रस्ताच वाकवला. रस्ता वाकला आहे तो पलीकडे दलदल आहे म्हणून, आणि झाड त्याच्या बापानं लावलेलं आहे, गाई बाहेर जाऊ नयेत म्हणून. स्वतःच्या गोठ्यावर त्यानं गवताचं छप्पर घातलं, दाराला लाल रंग दिला, आणि आत जुनी किटली टांगून सांगतो की टूही घराण्याच्या सात पिढ्या इथे जन्मल्या. गाई जन्मल्या असतील.

हेही सगळं मी सोडून दिलं असतं. माणसं भोळी असतात, लांबून पैसे खर्चून येतात, आणि त्यांना फसवून घ्यायची हौस असते. पण आमच्या संतिणीची पवित्र विहीर आहे, जिथे जुलैत आम्ही अनवाणी प्रदक्षिणा घालतो, माळ जपतो, आजाऱ्यांसाठी पाणी नेतो. तिथे हा बायकांना सांगतो की तीन घोट प्या, वर्षात नवरा मिळेल. मग त्या आजीबाई खिदळत पाणी पितात आणि बाटलीची झाकणं तिथेच टाकून जातात. ती झाकणं उचलायला मी जाते. एकदा त्याला म्हटलं, "मॅलेकी, देवाला तरी सोड."

"अगं, मी देवाचीच जाहिरात करतोय," तो म्हणाला.

गावातलं कुणीच त्याला काही बोलायचं नाही, कारण बस थांबली की दोन्ही पब भरायचे. तोंड बंद ठेवायला तेवढं पुरेसं होतं. पबवाले तर त्याला मालक म्हणायला लागले होते.

ऑनोरा आजारी पडून अंथरुणाला खिळली, तेव्हा मॅलेकी घरातच होता, आणि तरीही त्याच्या धाकट्या बहिणीला, डिम्प्नाला, गॉलवे शहराहून यावं लागलं. डिम्प्ना तिथल्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पगार बरा होता, स्वतःची खोली होती, आणि एक माणूसही होता म्हणे. महिनाभरासाठी म्हणून आली ती कित्येक वर्षं राहिली. खोली गेली, आणि माणूसही गेला. आईला उचलायचं, धुवायचं, भरवायचं, कूस बदलायची, हे सगळं तिनं केलं. मॅलेकी संध्याकाळी दारातून डोकं घालून विचारायचा, "काय म्हणतायत आमच्या मातोश्री?" आणि उत्तर यायच्या आत पबच्या वाटेला लागायचा.

जूनमध्ये एका मंगळवारी पहाटे ऑनोरा गेली. शांतपणे गेली, फादरांच्या हातून अखेरचा तेलाचा संस्कार घेऊन गेली. मी आणि टेरेसा हेहिर, आम्ही दोघींनी डिम्प्नाबरोबर तिला आंघोळ घातली, निळं वस्त्र नेसवलं, माळ बोटांत गुंफली. रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलं, आरसा झाकला. टेरेसाबाईंनी आजवर गावातली निम्मी मयतं सजवली आहेत. हात चालू असताना त्यांचं तोंडही चालू असतं.

डिम्प्नानं आईचे केस विंचरले आणि कंगवा हातात धरूनच ती मला म्हणाली, "एवढं एक नीट होऊ दे. तिनं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. उद्याचा दिवस तिच्या ओळखीची माणसं येऊ देत, चार चांगले शब्द बोलू देत, आणि मग तिला नेऊ दे. मला दुसरं काही नको."

"का नाही होणार नीट?" मी म्हटलं.

तिनं दाराकडे पाहिलं. मॅलेकी अंगणात फोनवर बोलत होता. तो आत आल्यावर तिनं विचारलं, "उद्याची बस?"

"मी बोललोय त्यांच्याशी."

"म्हणजे येणार नाही ना?"

"बोललोय म्हटलं ना, डिम्प्ना. माझीही आईच होती ती."

बुधवारी सकाळपासून आम्ही बायका टूहींच्या स्वयंपाकघरात होतो. पोर्कचं मोठं तंगडं शिजवलं, सँडविचेस केली, सोडा ब्रेड भाजला, चर्चच्या हॉलमधून खुर्च्या आणि चहाचं मोठं भांडं आणलं. मयताच्या घरी माणूस आला की त्याला कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारायचं नसतं. दार उघडंच ठेवायचं. येणारा घरच्यांचा हात हातात घेतो, "तुमच्या दुःखात सहभागी आहे" म्हणतो, शवपेटीपाशी उभा राहून प्रार्थना करतो, चहा घेतो, जातो. वैरी आला तरी त्याला चहा द्यावा लागतो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी त्यांच्याशी वीस वर्षं बांधावरून भांडलेला माणूस आला होता, आणि त्याला फळांचा केकसुद्धा मिळाला होता.

दुपारनंतर माणसं यायला लागली. पोस्टातली जुनी मंडळी, वरच्या गल्लीतले म्हातारे, ऑनोराबरोबर पत्ते खेळणाऱ्या बायका. डिम्प्ना पेटीच्या डोक्याशी उभी होती, काळा पोशाख, केस मागे बांधलेले. प्रत्येकाचा हात धरताना ती त्याचं नाव घेत होती आणि आईची एखादी आठवण सांगत होती. चेहऱ्यावर थकवा होता, पण मला वाटतं, समाधानही होतं. मॅलेकी तिच्या शेजारी काळ्या सुटात होता. मग चारच्या सुमारास तो तिथून नाहीसा झाला. मला वाटलं, मागच्या दारी सिगारेट ओढतोय.

आधी खिडकीची काच थरथरली. गल्ली अरुंद आहे, आणि गल्लीत ती हिरवी बस शिरत होती, दोन्ही बाजूंचं कुंपण खरवडत. अंत्यविधीवाल्यांची काळी गाडी तिच्यासाठी मागे घ्यावी लागली. बसचं दार उघडलं आणि पहिला उतरला तो मॅलेकी. सूट गेला होता. वास्कीट, टोपी आणि काठी होती. तो लंगडत होता.

मागून रंगीबेरंगी रेनकोट उतरले. पाऊस नव्हता. मॅलेकीनं त्यांना आईच्या अंगणात रांगेत उभं केलं आणि आवाज बारीक करून, पण आम्हाला ऐकू येईल असा, शिकवायला लागला, "हात धरायचा, घट्ट नाही, हलका. मान थोडी खाली. आणि म्हणायचं, तुमच्या दुःखात सहभागी आहे. म्हणा पाहू."

अंगणातून सगळ्यांनी ते एका सुरात म्हणून दाखवलं. वर्गात पाढे म्हणतात तसं.

टेरेसाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हे टूहींचे कुठले नातलग? ओहायोकडचे का?"

डिम्प्ना दाराशी गेली. मॅलेकीला हळू आवाजात म्हणाली, "हे काय आहे?"

"पाहुणे आहेत. आदरानं आलेत."

"परत पाठव त्यांना."

"मयताचं दार कधी बंद केलंय का आपण?" तो म्हणाला, आणि हे तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आलेल्याला परत पाठवायचं? आईच्या मयताला? लोक काय म्हणतील?"

त्याला नेमकं ठाऊक होतं की ती काही करू शकणार नाही. खोलीत आम्ही सगळे होतो, आणि आमच्यातल्या एकानंही तोंड उघडलं नाही. मयताच्या दारातून माणूस हाकलला असं किलमॉरनमध्ये कधी घडलेलं नाही. डिम्प्ना परत पेटीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला.

ते एकेक करून आले. "तुमच्या दुःखात सहभागी आहे." काहींनी ते इतक्या उत्साहानं म्हटलं की जणू वाढदिवसच आहे. मोहरीच्या रंगाच्या रेनकोटातला एक उंच गृहस्थ पेटीत वाकून मॅलेकीला विचारत होता, "ही खरी आहे का?" एका बाईनं ऑनोराच्या हातातली माळ कुठल्या दुकानात मिळते ते विचारलं. चहा ओतायला मी होते. त्यांनी सँडविचेस खाल्ली, सोडा ब्रेडचा फोटो काढला. एकानं मला विचारलं की शाकाहारी काही आहे का. मी त्याला लोणी दिलं.

गावातले लोक भिंतीला टेकून, कप हातात धरून बघत होते. आमचे हे कोपऱ्यात होते. त्यांचा चेहरा इतका लाल झाला होता की मी जवळ जाऊन म्हटलं, "इथे काही करायचं नाही."

"इथे नाही," ते म्हणाले. "उद्या."

मग मॅलेकी पेटीच्या पायाशी उभा राहिला. काठी जमिनीवर टेकवून, घसा साफ करून त्यानं बसमधला आवाज काढला. "मित्रहो, ही माझी आई. या भागातली मयतावर शोकगीतं गाणारी शेवटची बाई. ती रडायला लागली की डोंगरापलीकडचे कुत्रे गप्प व्हायचे. संध्याकाळी चुलीपाशी मातीची चिलीम ओढत ती आम्हाला आयरिशमध्ये जुन्या गोष्टी सांगायची. इंग्रजी तिला शेवटपर्यंत नीट आली नाही."

पोस्टात जन्म काढलेली बाई. रेडिओवर आयरिश लागली की ती बटण फिरवायची. कधी गायली नाही, कधी ओढली नाही, आणि संध्याकाळी चुलीपाशी बसायची ती टीव्हीवरचे स्नूकरचे सामने बघायला. तिच्याबरोबर पत्ते खेळणाऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. पेटीपाशी कुणी कुणाला खोटं पाडत नाही. मॅलेकी त्याचाही फायदा घेत होता. तिचं तोंड मिटलेलं आणि आमची बांधलेली. आता तो तिला हवं ते बनवू शकत होता.

डिम्प्नानं त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ती ओरडली नाही. तिनं खिशातून माळ काढली, गुडघ्यांवर बसली आणि क्रूसाची खूण करत मोठ्यानं म्हणाली, "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने."

रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू झाली की सगळ्यांना खाली गुडघ्यांवर जावंच लागतं. आमची सगळी खोली एकदम गुडघ्यांवर आली, कोपरं खुर्च्यांच्या बैठकीवर, चेहरे हातांत. स्वयंपाकघर भरलं, बोळ भरला. बसचा ड्रायव्हर कॉलम दारात चहा पीत उभा होता. तो रॉसकॉमनकडचा, चांगल्या घरचा. त्यानं कप उंबऱ्याशी ठेवला, टोपी काढली आणि दारातच गुडघे टेकले. बाहेर जायची वाट बंद झाली.

बसमधली माणसं थोडा वेळ उभीच राहिली. मग काही बसली, काही वाकली, काहींनी एका गुडघ्यावर तोल सांभाळला. त्यांना संध्याकाळी एका किल्ल्यात जेवायला जायचं होतं, जिथे म्हणे हातानं कोंबडी खायची आणि नोकर राणीच्या काळचे कपडे घालून वाढतात. मॅलेकी घड्याळाकडे बघायला लागला. आनंदाची पाच रहस्यं, म्हणजे माळेचा एक फेरा झाला, एरवी तिथेच संपतं, म्हणून त्यानं उठायला हात टेकला. डिम्प्ना श्वास न घेता दुःखाच्या रहस्यांवर गेली. मोहरीच्या रंगाचा गृहस्थ पुटपुटला, "आता संपलं का?" टेरेसाबाई मान न वळवता म्हणाल्या, "बाबा, अजून ख्रिस्त बागेतच आहे, क्रूसापर्यंत जायचंय."

त्यांच्यात एकच बाई होती, निळ्या रेनकोटातली, म्हातारी, जिचे ओठ हलत होते. "पवित्र मारिये, देवाच्या माते" ती आमच्याबरोबर आमच्याइतकंच स्पष्ट म्हणत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणाची आठवण आली असेल, देव जाणे. त्या सगळ्यांत तेवढी एक मयताला आलेली होती.

प्रत्येक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, घरातल्या कुणीतरी चालवायचं असतं. तोवरची सगळी डिम्प्नानंच केली होती, शेवटच्या गौरवाच्या रहस्यांतलं पहिलंही, आणि दुसरं रीतीप्रमाणे मुलाकडे आलं. सगळ्यांनी वाट पाहिली. मॅलेकीनं सुरू केलं, "नमो मारिया, कृपापूर्ण..." आणि मला आजही सांगताना लाज वाटते, तो आवाज बसमधला होता. सूर लांबवत, शब्द घोळवत, डोळे मिटून, जणू शेवटी टाळ्या पडणार आहेत. कुणीतरी फोन वर धरला. फ्लॅश चमकला. मॅलेकीनं डोळे उघडले, फोन कुठे आहे ते पाहिलं, आणि त्या बाजूला हनुवटी थोडी वर केली.

डिम्प्नानं ते पाहिलं. त्याची ओळ अर्ध्यावर असतानाच तिनं ती आपल्या आवाजात उचलली, "प्रभू तुझ्याबरोबर आहे, स्त्रियांत तू धन्य..." सरळ, कोरड्या आवाजात, पोस्टाच्या खिडकीमागून बोलल्यासारखी. एक क्षण दोघांचे आवाज एकमेकांवर चढले. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिला प्रतिसाद दिला, भिंती हलतील इतक्या जोरात. मॅलेकीचे ओठ थोडा वेळ हलत राहिले आणि मग थांबले. त्याच्या हातून आईची प्रार्थना काढून घेतली गेली होती, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. बसवाल्यांना कळलं नसेल. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला असेल.

पंधराही रहस्यं झाली. त्यानंतरच्या प्रार्थनाही झाल्या, टूही घराण्यातल्या मेलेल्या प्रत्येकासाठी, समुद्रावरच्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, पोपच्या मनोकामनांसाठी. शेवटी डिम्प्ना म्हणाली, "आणि ज्यांना आपण कुठे आलोय हे ठाऊक नाही, त्यांच्यासाठी." आम्ही आमेन म्हटलं. गुडघे चोळत, एकमेकांना धरत पाहुणे बसकडे गेले. कॉलमनं डिम्प्नाचा हात धरला आणि म्हणाला, "बाई, मला सांगितलं होतं की कुटुंबानं बोलावलंय." एवढंच म्हणून तो गेला. किल्ल्यातली कोंबडी त्यांना मिळाली की नाही, मला माहीत नाही.

गुरुवारी सकाळी पेटी घरातून चर्चपर्यंत खांद्यावरून न्यायची होती. पहिला खांदा घरच्यांचा असतो, आणि पुढचा डावा थोरल्या मुलाचा. मॅलेकी पुन्हा काळ्या सुटात, दाढी करून, गंभीर चेहऱ्यानं येऊन पेटीच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी उभा राहिला. लंगडणं गेलं होतं. अंत्यविधीवाल्यानं माणसं लावायला सुरुवात केली, तेवढ्यात डिम्प्ना पुढे झाली आणि भावाच्या जागी जाऊन उभी राहिली. बाईनं खांदा दिलेला किलमॉरननं पाहिला नव्हता. फादर काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी पुस्तक उघडलं आणि त्यात बघत राहिले.

"डिम्प्ना, ही माझी जागा आहे," मॅलेकी म्हणाला.

"तू पुढे चाल," ती म्हणाली. "माणसांना रस्ता दाखवायची तुला सवय आहे."

तो पुढच्या उजव्या बाजूला गेला. तिथे आमचे हे उभे होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो मधल्या जागेकडे वळला. तिथे पत्ते खेळणाऱ्या बायकांपैकी एकीचा मुलगा होता. मागे हेहिरांचे दोघे. एकही खांदा रिकामा नव्हता. आदल्या संध्याकाळी पबमध्ये ते ठरलं होतं म्हणे, त्याच पबमध्ये, जिथे त्याला मालक म्हणायचे.

मग तो खरंच पुढे चालला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. काठी नव्हती, टोपी नव्हती, बोलायला कुणी नव्हतं. पुलावरून वळताना त्यानं दोनदा मागे वळून पाहिलं, कुणीतरी हाक मारेल या आशेनं. खांदे बदलले तरी हाक आली नाही. डिम्प्नानं मात्र खांदा बदलला नाही, चर्चच्या दारापर्यंत.

पुढच्या बुधवारी हिरवी बस पुलापाशी आली आणि मॅलेकी वास्कीट घालून तिच्यात चढला. असल्या माणसांना लाज तेवढा वेळच टिकते. पण आमचे दोन्ही पब त्या दिवशी बंद होते, आणि त्यानंतरच्या बुधवारीही. बस आता आमच्याकडे फक्त त्या काटेरी झाडापाशी थांबते आणि पुढे जाते. मॅलेकी पुढच्या गावापर्यंत तिच्यातच जातो आणि चालत परत येतो. त्याला मोटारीनं कुणी आणत नाही.

दफन झालं त्या संध्याकाळी डिम्प्ना माझ्याकडे आली होती. गॉलवेला कधी जायचं, खोली मिळेल का, असं काहीबाही बोलत होती. चहाचा कप ती डाव्या हातानं धरत होती. उजवा खांदा खाली पडला होता. मी तेल गरम करून आणलं आणि तिच्या ब्लाउजची गळ्याकडची बटणं सोडली. पेटीच्या कडेनं लाल-निळा वळ उठला होता.

"इतकी वर्षं मीच उचलत होते तिला," ती म्हणाली. "आज इतकी जड कशी लागली गं?"

मी तेल लावत राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "झालं पण नीट. नाही का?"

"झालं," मी म्हटलं. "नीट झालं."